वाळू किती वेळा धुवायची

आनंदने घरच्यांना पत्राचं फक्त पहिलं पान दाखवलं होतं. दुसरं त्याच्या खिशात होतं, आणि रविवारी सकाळी दहाला सगळे मांजरी गावातल्या त्यांच्या पोहण्याच्या टँकवर जमले तेव्हाही ते तिथेच होतं.

पहिल्या पानावर सगळं गोड होतं. टँकच्या मागे दोन वर्षांपूर्वीपर्यंत ऊस होता, आता तिथे 'हरितबन' सोसायटीच्या सात इमारती होत्या. ही सोसायटी ओव्हाळ कुटुंबाच्या या जलतरण तलावाला नवाकोरा फिल्टर बसवून देणार होती. फायबरची टाकी, नवा पंप, नवे व्हॉल्व्ह, सगळं त्यांच्याकडून. बदल्यात सभासदांची पोहण्याची सोय व्हावी, इतकीच विनंती. आनंद त्याच सोसायटीत राहायचा, कमिटीवर होता, आणि हे घडवून आणल्याचा त्याला अभिमान होता. निदान पहिल्या पानापुरता तरी होता.

आनंदचे वडील बाबुराव, म्हणजे दादा, फिल्टरच्या खोलीच्या दारात उभे होते. पिंपरीच्या कारखान्यात बत्तीस वर्षं बॉयलर फिटर. पंच्याण्णव साली, म्हणजे बारा वर्षांपूर्वी, कारखान्याने स्वेच्छानिवृत्ती म्हणत त्यांना घरी पाठवलं, तेव्हा त्यांनी या माळावर तलाव खणला आणि त्याचा फिल्टर स्वतः वेल्डिंग करून बनवला. पुरुषभर उंचीची लोखंडी टाकी, पोटात वाळू. तलावातलं पाणी वरून आत यायचं, वाळूतून गाळून खालून बाहेर पडायचं. वाळूत घाण साठली की पाणी उलटं सोडून ती धुवायची. यंत्र म्हणून एवढंच. पण जानेवारीपासून टाकीच्या अंगाला पाझर फुटला होता, त्या पाण्याने वाटेवर शेवाळ धरलं होतं आणि तलावाचा तळ दिसेनासा झाला होता.

आत्ता टाकीचं वरचं झाकण उघडं होतं आणि लोणी काळभोरहून बोलावलेला बद्रीनाथ मिस्त्री कमरेपर्यंत आत गेला होता. बाहेर त्याचे दोन पाय तेवढे दिसत होते.

"दादा, किती वेळा ठिगळ लावायचं?" आनंद म्हणाला. "वीस ठिकाणी झालं."

"नऊ. आणि त्याला ठिगळ नाही म्हणत, वेल्डिंग म्हणतात."

"आजोबा, सिरियसली," प्रज्ञेश म्हणाला. आनंदचा हा मुलगा हडपसरच्या एका आयटी कंपनीत लागून वर्ष झालं होतं आणि कुठल्याही यंत्राबद्दल त्याचं मत तयार असायचं. "आता मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह येतो. एकच हँडल. तुमच्यासारखं पाच-पाच व्हॉल्व्ह फिरवत बसावं लागत नाही."

"मग फिरवणाऱ्याने काय करायचं?"

"आराम करायचा."

"का? मला ताप आलाय?"

तिकीटखिडकीच्या पायरीवर ललिताबाई मटार सोलत बसल्या होत्या. त्या हसल्या, पण मान वर केली नाही. सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या यंत्राबद्दल मत द्यायचं नाही हे त्यांनी कधीच ठरवून टाकलं होतं. यंत्र बिघडलं की माणूस बिघडतो आणि यंत्र सुधारलं की माणूस सुधारतो, एवढा हिशेब त्यांना पुरेसा होता.

कल्याणीचं मात्र मत होतं. ती आनंदची बायको, दुपारची बायकांची बॅच आणि रविवार संध्याकाळची मुलांची बॅच तीच शिकवायची. "दादा, राग मानू नका, पण मला नवीन हवंय. गेल्या आठवड्यात त्या शेवाळावरून एक मुलगी घसरली. हनुवटीला तीन टाके पडले. तिच्या आईसमोर मी उभी होते, तुमचं वेल्डिंग नव्हतं."

बाबुरावांनी सुनेकडे पाहिलं. मुलाशी भांडता येत होतं, नातवाला टोमणा मारता येत होता, पण कल्याणीचं बोलणं त्यांना नेहमी खरंच वाटायचं. तीन विरुद्ध एक. ललिता तटस्थ. त्यांना एकाएकी स्वतःच्याच जागेवर पाहुणा असल्यासारखं वाटलं.

"बद्रीनाथ काय म्हणतो ते बघू," ते म्हणाले.

"मॉडेल कुठलं देताहेत ते?" प्रज्ञेशने वडिलांपुढे हात केला. "स्पेसिफिकेशन्स दुसऱ्या पानावर असतील ना? द्या ना बाबा, मी नेटवर चेक करतो."

"घरी आहे ते."

"खिशात आहे तुमच्या," कल्याणी म्हणाली. "सकाळपासून चार वेळा चाचपलंत."

आनंदपुढे तेव्हा दोन रस्ते होते. आणखी खोटं बोलायचं, किंवा पान काढून द्यायचं. तो बँकेत अधिकारी होता. कागद दडवणाऱ्यांचं काय होतं हे त्याने रोज पाहिलं होतं. त्याने पान काढून दिलं आणि स्वतःच्या बुटांकडे पाहत राहिला.

पत्र इंग्रजीत होतं. प्रज्ञेश मराठीत सांगत वाचू लागला. सुरुवातीला भरभर वाचलं, मग त्याचा वेग कमी झाला.

"सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते आठ, रविवार धरून, फक्त सभासद. बाहेरच्या व्यक्तींसाठी दुपारी एक ते तीन." तो थांबला. "पुढचं... बाहेरच्या व्यक्तींची बॅच संपल्यावर फिल्टर पूर्ण धुऊन घ्यावा आणि सगळं पाणी एकदा त्यातून फिरवावं. त्याशिवाय सभासदांना पाण्यात सोडू नये."

ललिताबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"बाहेरच्या म्हणजे कोण?" कल्याणीने विचारलं. तिला माहीत होतं. तरी तिला ते नवऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

"बाहेरच्या म्हणजे सोसायटीबाहेरच्या," आनंद म्हणाला. "सगळीकडे असतं असं. हायजीन म्हणतात त्याला."

"हायजीन होय," ललिताबाई म्हणाल्या. "माझ्या लहानपणी त्याचं नाव वेगळं होतं."

"आई, प्रत्येक गोष्टीत तेच काढायचं का?"

"मी काढलं का? पान तुझ्या खिशातून निघालं."

मग बाबुराव बोलले. बोलले म्हणजे ओरडलेच. बद्रीनाथचे पाय दचकलेले सगळ्यांना दिसले. "माझ्या टँकवर? माझ्या? इथे तिकीट काढेल तो उतरतो. सरपंच असो, नाहीतर त्याच्या उसाचा तोडणीवाला असो. पहिल्या दिवसापासून हा नियम आहे. वस्तीतल्या आणि विहारातल्या पोरांना रविवारी फुकट सोडतो, तेसुद्धा संध्याकाळी, चांगल्या वेळेला. आणि ही सात इमारतींची कालची वस्ती मला सांगणार, कोण उतरल्यावर पाणी धुवायचं? पाण्याच्या बाबतीत आपल्याला शिकवायला आलेत! आणि तू? तू ते वाचून खिशात ठेवलंस?"

"मी त्यांच्यात राहतो, दादा." आनंदचाही आवाज चढला. "तुम्ही इथून ओरडून मोकळे. मला ते रोज लिफ्टमध्ये भेटतात. कमिटीवर मला घेतलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आडनाव विचारून झाल्यावरही कुणीतरी आपल्याशी सरळ बोलतंय. त्या एका वाक्यासाठी सगळं मोडायचं? फिल्टर येईल, टँक टिकेल, सहा महिन्यांनी ते वाक्य कुणी पाळणारही नाही."

"पाळणार नाहीत तर लिहिलं कशाला?" प्रज्ञेशने पान घडी करून वडिलांच्या हातात दिलं. "सॉरी बाबा. आय ॲम आउट. मी आजोबांच्या साइडला."

"मीही," कल्याणी म्हणाली. "शेवाळ मी घासून काढीन."

अर्ध्या तासात फळी उलटली होती. बाबुरावांचा ऊर भरून आला. त्यांनी ठरल्यासारखा हात झटकला. "दुरुस्ती करायची. विषय संपला. बद्रीनाथ! बाहेर ये रे बाबा, काय काय लागेल सांग."

बद्रीनाथ बाहेर आला. अंगभर गंज, केसांत ओली वाळू. त्याने रुमालाने तोंड पुसलं आणि कुणीतरी पुढे केलेल्या खुर्चीवर न बसता पंपाच्या चौथऱ्यावर टेकला.

"टाकी मरायला झाली न्हाय," तो म्हणाला. "खालचा पत्रा ठणठणीत हाय. तुमचं काम हाय दादा, तसलं वेल्डिंग आता बघायला मिळत न्हाय. वरचा तीन फूट पत्रा खाल्लाय, तेवढा कापून नवा घालू. आतनं इपॉक्सीचा रंग मारू. तळातल्या भोकाच्या नळ्या नव्या, वाळू नवी. धा वर्षं हात लावायला नको."

बाबुरावांनी आनंदकडे विजयाने पाहिलं.

"पर एक सांगतो, राग धरू नका. ही जुनी झाली म्हणून गेली न्हाय. धुऊन धुऊन गेली."

"म्हणजे?"

"वाळू जरा मळली की बारीक घाण धरती. लई धुतली की मोकळी पडती, मग बारीक घाण तशीच पार जाती. पाणी गढूळ दिसलं की तुम्ही क्लोरीनचं औषध वाढवणार. औषधानं पत्रा खाल्ला. आन दर धुण्याला थोडी थोडी वाळू गटारात गेली. आत चार फूट पाहिजे, अडीच फूट बी न्हाय." त्याने भिंतीवर खिळ्याला लटकवलेली वही काढली. बाबुराव रोज त्यात धुण्याची तारीख आणि वेळ लिहायचे, कारखान्यातली सवय. बद्रीनाथने अंगठा ओला करून पानं उलटली. "हे बघा. रोज पहाटे एकदा. आता दाबाचा वरचा काटा आन खालचा काटा यात फरक पडला तरच धुवायचं असतं, हे तुमच्यासारख्या फिटरला मी काय सांगायचं? त्यात रविवार संध्याकाळी चाळीस मिनिटं. सोमवारी पहाटे परत अर्धा तास. दर रविवारी, दर सोमवारी, चुकवलं न्हाय कधी." त्याने निरागसपणे मान वर केली. "रविवारी काय असतं ओ तुमच्याकडं?"

कल्याणीने प्रज्ञेशकडे पाहिलं.

रविवारी काय असतं ते तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. प्रज्ञेश रविवारच्याच बॅचमध्ये पोहायला शिकला होता. कल्याणीने बारा वर्षं त्या बॅचमध्ये वस्तीतल्या पोरांच्या पोटाखाली हात धरला होता.

आनंद हसला. ते हसणं ऐकायला बरं नव्हतं. "बघा. त्यांनी इंग्रजीत लिहिलं. आपल्याकडे ते वहीतच आहे, मराठीत, तारीखवार."

"आनंद!" ललिताबाई म्हणाल्या.

"काय आनंद? मी ते वाक्य खिशात लपवलं म्हणून मी नालायक. यांनी ते बारा वर्षं पाळलं, त्याचं काय?"

बाबुराव चौथऱ्याला धरून खाली बसले. त्यांना त्या क्षणी एकच सकाळ आठवत होती. टँकचा पहिला उन्हाळा, एक सोमवार. सकाळच्या बॅचचे एक गृहस्थ, सभ्य, चष्म्याचे, पायरीवर उभे राहून पाण्याकडे बघत होते. नाक किंचित आक्रसून त्यांनी विचारलं होतं, "काल कोण होतं हो पाण्यात?" बस, इतकंच. भांडण नाही, शिवी नाही. त्या प्रश्नाला द्यायला हजार उत्तरं होती आणि बाबुरावांनी एकही दिलं नाही. पुढच्या रविवारी संध्याकाळी पोरं गेल्यावर त्यांनी उलटं पाणी सोडलं आणि बाहेर जाणारं पाणी काचेच्या नळीत पिण्यासारखं नितळ दिसेपर्यंत बंद केलं नाही. पुन्हा कुणी विचारायला नको म्हणून पुढे सोमवारी पहाटेही, मग रोजच पहाटे. पुन्हा कुणी विचारलंही नाही. धुतल्यामुळेच विचारत नाहीत, असं त्यांनी धरून ठेवलं.

हे त्यांनी तिथे सांगितलं. तुटक तुटक, जमिनीकडे बघत.

"एका माणसाने," प्रज्ञेश म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "एकदा विचारलं. म्हणून दर संडेला मी पाण्यातून बाहेर आलो की तुम्ही ते धुवायचात. मी तिथे टॉवेल गुंडाळून उभा असायचो, आजोबा. तुम्ही म्हणायचात, बघ कसं मशीन चालतं. मला वाटायचं तुम्ही मला शिकवताय."

"पोरा—"

"नाही, एक मिनिट. मला खूप राग आलाय. मला बोलता येत नाहीये."

ललिताबाई उठल्या. शेंगांची सुपली तिथेच राहिली. "आणि मी? बारा वर्षं पहाटे साडेचारला उठून तुम्हाला चहा दिला. थंडीत, पावसात, माझ्या ऑपरेशननंतर पंधराव्या दिवशी. मला वाटलं मशीनला लागतं. मशीनचं आहे म्हणून मी कधी तोंड उघडलं नाही. एका टिकोजीरावाच्या नाकासाठी उठतेय हे ठाऊक असतं तर पांघरूण डोक्यावरून घेऊन झोपले असते!"

बाबुरावांनी दोन्ही हात वर केले. "घ्या नवीन," ते म्हणाले. "आनंद, कर सही. त्यांनी निदान उघड लिहिलं तरी. माझ्यापेक्षा ते बरे. मला या टाकीकडे बघवत नाही."

आनंदला जिंकल्याचं काहीच वाटलं नाही. वडिलांनी हार मानलेली त्याने यापूर्वी पाहिली नव्हती. कारखान्याने घरी बसवलं त्या दिवशीसुद्धा नाही. त्याने पेन काढलं नाही.

"कुणीही सही करायची नाही." कल्याणी टाकीपाशी जाऊन उभी राहिली. ती कधी ओरडत नसे, आताही ओरडली नाही, पण तिचे कान लाल झाले होते. "दादा, तुम्ही चुकलात. साधं नाही, वाईट चुकलात. माझ्या पोरांना मी सांगत होते की हे पाणी तुमचं आहे, आणि तुम्ही मागच्या खोलीत ते पुसून काढत होता. याचा राग मला उद्याही असेल, परवाही असेल. पण म्हणून ती मुलं आता भर एप्रिलमध्ये दुपारी एक वाजता उतरणार? चूक तुमची आणि शिक्षा त्यांना? हे नाही चालायचं. बद्रीनाथ, काम कधी सुरू करता?"

"उद्या सकाळी येतो की."

"या. आणि धुवायचं कधी, ते आम्हा सगळ्यांना शिकवा. फक्त दादांना नाही."

आनंदने हातातल्या पानाची घडी उलगडली आणि पुन्हा घातली. मग म्हणाला, "कमिटीला मी काय सांगू?"

"जे खिशात ठेवलं होतं ते परत द्या," ती म्हणाली. "सांगायला काही लागणार नाही."

*

काम अठरा दिवस चाललं. मधल्या काळात आनंदने पत्र परत केलं आणि कमिटीचा राजीनामा दिला. राजीनामा कुणी मागितला नव्हता, आणि देऊ नका असंही कुणी म्हटलं नाही, याची त्याला चीड आली. प्रज्ञेश आजोबांशी आठवडाभर बोलला नाही. नंतर एका संध्याकाळी येऊन त्याने बद्रीनाथबरोबर वाळू चाळायला घेतली आणि बाबुरावांनी चाळणीचं दुसरं टोक धरलं तेव्हा ते सोडवून घेतलं नाही. एवढंच झालं. माफी कुणी मागितली नाही, या घराला ती कला अवगत नाही.

मार्चच्या तिसऱ्या रविवारी टँक उघडला. मुलांची बॅच झाली. चौतीस मुलं, दोन तास, कानठळ्या. ती गेल्यावर बाबुराव फिल्टरच्या खोलीत गेले. दोन्ही काट्यांत जेमतेम फरक होता. ते अर्धा तास तिथे बसले. मग दिवा मालवून घरी आले. पहाटे साडेचारला त्यांना जाग आली आणि शेजारी ललिताबाई डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपलेल्या दिसल्या.

सोमवारी सहाच्या बॅचला अकरा जण आले. त्यात हरितबनचे सेक्रेटरी होते. ते पत्राआधीपासून तिकीट काढून पोहायला यायचे. आनंदही आला होता आणि सगळ्यांच्या आधी पाण्यात उतरला होता. तळाच्या फरशांची प्रत्येक रेघ दिसत होती.

सेक्रेटरी पायरीवर थांबले. "ओव्हाळ, काल संध्याकाळी बाहेरची मुलं होती ना?"

"होती."

"मग वॉश केलंत ना?"

बाबुराव पायरीपर्यंत आले. "नाही," ते म्हणाले.

"का?"

"गरज नव्हती."

"अहो पण, पूर्वी सोमवारी आलो की गटार वाहताना दिसायचं, तुम्ही न चुकता—"

"पूर्वी माझी चूक होत होती. ज्याला उतरायचंय त्याने उतरावं. ज्याला नाही, त्याचं तिकीट खिडकीवर परत मिळेल."

आनंद पाण्यातच होता, काठाला धरून सेक्रेटरींकडे सरळ बघत. मग एक म्हातारेसे गृहस्थ "चला हो, ऑफिसं आहेत" असं म्हणत उतरले. त्यांच्यामागे बाकीचे उतरले. सेक्रेटरींनी टॉवेल खांद्यावर टाकला, त्यांच्याबरोबर त्यांचा एक शेजारी वळला, आणि फाटकाबाहेर एक स्कूटर सुरू होऊन निघून गेली.

बाबुरावांनी पाण्यातली डोकी मोजली. मग पुन्हा मोजली. आपल्याला रडू येईल असं त्यांना वाटलं होतं, पण आला तो संताप, आणि तो त्या स्कूटरवरच्यांवर नव्हता, स्वतःवर होता. बारा वर्षं ज्यांच्या धाकाने वाळू धुतली, ती माणसं मोजून दोन निघाली.